खिशातले मल्टीटूल नेमके किती हवेत? दापोली किनाऱ्यावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावातलं. ज्यांचं आहे त्यांना इथे नुसतं भाऊ म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीपुढचं. घरामागे माड-पोफळीचं आगर, वर कातळावर आंब्याची थोडी कलमं आणि पडवीलगतच्या खोल्यांत पर्यटकांची राहण्या-जेवण्याची सोय. आगर आणि बाहेरची कामं भाऊंकडे, खोल्या आणि स्वयंपाकघर वहिनींकडे. मुलगा पुण्यात नोकरीला. माझं गावात पंप-मोटरच्या दुरुस्तीचं दुकान आहे आणि या घरी माझं जाणं-येणं जुनं, म्हणून हे सगळं जवळून पाहता आलं. दोघांना विचारूनच लिहितो आहे.

भाऊंकडे अकरा मल्टीटूल जमले होते. मल्टीटूल म्हणजे मिटवून खिशात टाकता येईल असं हत्यार, ज्यात पकड, पातं, पेचकस, कात्री, कानस असं बरंच काही एकाच दांड्यात बसवलेलं असतं. अकरा हा आकडा ऐकून हौस म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. पण त्याचं मूळ मला माहीत आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, वीज कितीतरी दिवस नव्हती. भाऊंच्या गोठ्याचं छप्पर बसलं आणि हत्यारांचा डबा त्याखाली अडकला. खिशात मुलाने आणून दिलेलं एक मल्टीटूल होतं. पत्रे बांधायला तार पिळणं, फुटल्या पाइपाची क्लिप आवळणं, ताडपत्रीला भोकं पाडणं, हे पहिले काही दिवस त्या एकावरच निभावलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि ती धास्ती पक्की झाली.

त्यानंतरच्या प्रत्येक खरेदीला काहीतरी कारण होतं. एकात करवत होती, एकाचे पेचकसाचे बिट बदलता येत होते, एक स्कूटरच्या डिकीत ठेवायला घेतला. एक मुलासाठी घेतला, कारण त्याचा विमानतळावर तपासणीत काढून घेतला गेला होता. (पातं असलेलं हत्यार केबिनमधल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात द्यावं लागतं. घाईत हे विसरलं जातं.) सुट्या खरेदीतली एकही वावगी नव्हती. आकडा मात्र कुणीच ठरवलेला नव्हता.

अडचण कुठे झाली

श्रावणातला शनिवार, खोल्या भरलेल्या, आणि सकाळी टाकी रिकामी. विहिरीवरचा पंप सुरू होईना. भाऊ आगरात गेले, खिशातलं मल्टीटूल काढलं तर पकडीचा सांधा गंजून बसलेला, जबडा उघडेना. स्कूटरच्या डिकीतलं आणलं. ते चामड्याच्या म्यानात पावसाळाभर दमट राहिलेलं, त्याचा पेचकस अर्धाच बाहेर आला. उरलेली माजघरातल्या फडताळात होती, पण त्यांतलं कोणतं चालू आहे हे भाऊंनाच सांगता येईना. शेवटी वहिनींनी स्वयंपाकघरातली जुनी पकड आणून दिली.

खरी गंभीर गोष्ट त्यानंतर झाली. पाहुणे खोळंबलेले, त्यामुळे भाऊ मेन स्विच न पाडताच स्टार्टरच्या डब्यात ते अर्धवट उघडलेलं मल्टीटूल घालायला निघाले होते. वहिनींनी ओरडून थांबवलं. जवळपास सगळ्या मल्टीटूलचे दांडे उघड्या धातूचे असतात. त्यांना वीजरोधक आवरण नसतं. ओल्या जमिनीवर उभं राहून चालू लाइनला ते लावणं म्हणजे जिवाशी खेळ. मला फोन आला, मी मेन बंद करून टेस्टरने खात्री केली आणि सैल झालेला एक स्क्रू आवळला. काम तेवढंच होतं.

चहा घेताना वहिनी म्हणाल्या, "अकरातलं एक वेळेला हाताशी येत नसेल, तर ही अकरा ठेवलीत कुणासाठी?" भाऊंनी हा प्रश्न मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी हत्यारं ओटीवर मांडली आणि मला बोलावलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भाऊंचा: अकराही ठेवायची, पण नीट निगा राखायची. आम्ही हिशेब मांडला. एका मोठ्या मल्टीटूलला उघडमिट करणारे डझनभर सांधे असतात. अकरा हत्यारं म्हणजे शंभराच्या वर सांधे. पावसाळ्यात ते महिन्यातून निदान एकदा तरी धुऊन, वाळवून, तेल घालायला हवेत. हे काम कोण करणार, यावर भाऊ गप्प बसले. मुलगा फोनवर होता, तो म्हणाला, "बाबा, तुम्ही चार दिवस कराल."

दुसरा पर्याय मुलाचा: एकच ठेवा, चांगलं ठेवा. यामागे दमदार विचार आहे. पकड असलेल्या आजच्या मल्टीटूलची कल्पनाच एका माणसाच्या अडचणीतून आली. टिम लेदरमन हा अमेरिकन 1975 मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी आणि हॉटेलांतले गळके नळ यांनी त्याला वैताग आणला. खिशात चाकू होता, पण पकड नव्हती. ती चाकूत बसवायला त्याला वर्षं लागली. बाजारात ते हत्यार 1983 मध्ये आलं. एका माणसाला एक पुरावं, हाच त्याचा मूळ हेतू. आमच्याकडे आडवं आलं ते वजन. लेदरमनचं वेव्ह प्रकारातलं पूर्ण आकाराचं मल्टीटूल सुमारे 240 ग्रॅमचं असतं. भाऊ आगरात अर्ध्या चड्डीवर आणि उघड्या अंगाने वावरतात, कमरेला आकडी आणि तिच्यात कोयती. त्यात पाव किलोचं आणखी एक लोढणं ते दोन दिवस बाळगतील, तिसऱ्या दिवशी ते ओटीवर राहील.

तिसरा पर्याय माझा होता. मल्टीटूल बाजूला ठेवा, खऱ्या हत्यारांची एक चांगली पेटी करा. मी दुरुस्तीवाला, पकडीचं काम पकडीनेच नीट होतं, पेचकसाचा जोर लांब दांड्याच्या पेचकसालाच येतो, असं माझं आजही मत आहे. वहिनींनी त्याला एका वाक्यात उत्तर दिलं, "पेटी कातळावर जाणार नाही." ते बरोबर होतं. घरापासून कलमांपर्यंत पाखाडी चढून जायचं, आणि तिथे पाइपाचा जॉइंट सुटला तर पेटी आणायला परत उतरायचं, हे कुणी करत नाही. दोरीने बांधून वेळ मारून नेतात आणि पाणी गळत राहतं.

चौथा पर्याय बोलता बोलता पुढे आला: हत्यारातली साधनं मोजायची नाहीत, भाऊ जिथे उभे असताना गरज पडते त्या जागा मोजायच्या. ऐकायला ठीक वाटलं, पण त्या जागा कोणत्या याबद्दल तिघांची तीन मतं होती. म्हणून त्या दिवशी काहीच ठरवलं नाही. या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय होता असं मी मानतो. गंजलेली काढून टाका आणि उरतील ती ठेवा, हा सोपा मार्ग समोर होता. त्याने संख्या कमी झाली असती, पण कोणती उरायची हे गंजाने ठरवलं असतं.

वहीतली नोंद

ओटीवरच्या खुंटीला एक वही आणि पेन्सिल टांगली. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत लिहायचं: काम काय होतं, कुठे होतं, कोणतं साधन लागलं, ते हाताशी होतं का, नसेल तर काय केलं. भाऊ थकलेले असले की वहिनी विचारून लिहीत. काही दिवस कोरे गेले, पण चित्र दिसायला तेवढं पुरलं.

कापण्याचं मोठं काम सगळं कोयतीचं होतं. झावळ, काठी, सुंभ, नारळ, कशालाच मल्टीटूलचं पातं लागलं नव्हतं. ज्या करवतीसाठी एक हत्यार खास घेतलं होतं तिची वहीत एकही नोंद नव्हती. कोयती कमरेला असलेल्या माणसाला बोटभर करवत लागत नाही. पातं लागलं ते बारीक कामाला: खताच्या गोणीची शिवण, ठिबकची नळी, कुरिअरचं खोकं.

पकडीच्या नोंदी भरपूर होत्या, आणि जवळजवळ सगळ्या घरापासून लांबच्या. कुंपणाची तार पिळणं, पाइपाची क्लिप, स्कूटरच्या केबलचा नट. पेचकस त्याखालोखाल, तोही बराचसा खोल्यांत: दाराची कडी, पंख्याचा रेग्युलेटर, नळाची मूठ. डबा उघडणी, माशाची खवलं काढायचं साधन, सुट्या बिटांचा संच, यांच्यासमोर काहीच नव्हतं. बिटांतले अर्धे तर हरवलेही होते.

कात्री आणि बारीक चिमट्याने मात्र आम्हाला चकित केलं. औषधाची पट्टी, दुधाची पिशवी, लोंबणारा दोरा, बोटात गेलेलं पोफळीचं कुसळ, पायातला काटा. हे काम रोजचं, आणि ते करायला पूर्ण आकाराचं मल्टीटूल कुणी उघडत नव्हतं. अकरातलं जे सर्वांत लहान, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं, मिटल्यावर 58 मिलिमीटर लांब आणि विशीतल्या ग्रॅमचं, तेच एकटं रोज वापरात होतं. भाऊ त्याला हत्यारांत धरतच नव्हते.

वही चाळताना मला स्विस सैनिकांच्या चाकूची आठवण झाली. कार्ल एल्सनरने 1884 मध्ये इबाखला कारखाना काढला आणि 1891 पासून तो स्विस सैन्याला चाकू देऊ लागला. त्या सैनिकी चाकूत चारच साधनं होती: पातं, टोचा, डबा उघडणी आणि पेचकस. पेचकस असण्याचं कारण म्हणजे सैन्याची नवी रायफल सोडवायला तो लागत असे. साधन कामामागून आलं होतं. भाऊंच्या वहीतही तपासून पाहता चारच साधनं ठळक होती: पकड, बारीक पातं, पेचकस आणि कात्री.

निर्णय

दिवाळीनंतर बसलो तेव्हा दोन गोष्टींवर वाद झालाच नाही. लहानगं किल्ल्यांना राहणार. आणि पूर्ण आकाराचं एक, एका हाताने उघडणारं आणि पातं उघडल्यावर अडकून राहणारं, नायलॉनच्या म्यानात घालून आगरात नि कातळावर जाताना आकडीच्या पट्ट्याला लागणार. कमरेला आधीच पट्टा आहे तिथे वजन सोसतं, हे चार दिवस वापरून पाहिलं.

वाद झाला तिसऱ्यावर. भाऊंना वादळासाठी एक बाजूला हवंच होतं. वहिनींचा विरोध होता: "डब्यात ठेवलेलं डब्यातच गंजतं, श्रावणात बघितलं ना!" मीही वहिनींच्या बाजूचा. पण भाऊ म्हणाले, वादळानंतर रस्ते बंद, दुकानं बंद, तेव्हा हाताला काय लागेल ते आत्ताच ठेवलेलं असतं. त्या जून महिन्याचा अनुभव असलेल्या माणसाला हे चूक आहे असं सांगणं मला जमलं नाही, आणि ते चूक नाहीही.

मग प्रश्न उरला की त्या डब्यात कोणतं ठेवायचं. भाऊंना सर्वांत महागडं ठेवायचं होतं, जपून. माझं म्हणणं, चांगलं ते रोजच्या हाताला द्या. तोडगा मुलाने सुचवला. अकरांत एकाच कंपनीची एकाच बनावटीची दोन होती. तीच जोडी ठेवायची; एक पट्ट्याला, एक डब्यात. दरवर्षी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामं निघतात, कौलं शाकारली जातात, लाकूडफाटा आत येतो, तेव्हा डबा उघडून दोघांची अदलाबदल करायची. पट्ट्याचं धुऊन-तेलवून डब्यात, डब्यातलं पट्ट्याला. कोणतंही एक वर्षाहून अधिक काळ बंद राहत नाही, आणि काळोखात हाताला दोन्ही सारखीच ओळखीची. मला या प्रकरणातून एकच गोष्ट दुसऱ्या कुणाला द्यायची झाली तर मी ही देईन.

यासोबत एक खरेदीही झाली. स्टार्टरच्या खोक्याशेजारी 1000 व्होल्टची खूण असलेली, दांड्याला वीजरोधक आवरण असलेली पकड आणि एक टेस्टर, दोन्ही साखळीने बांधून. मेन आधी पाडायचा, ही पाटीही तिथे लावली. मल्टीटूल विजेच्या कामाला लावायचा नाही, हे ठरलं तेव्हा भाऊंनी लगेच मान्य केलं.

खाऱ्या हवेचा हिशेब

हे किनाऱ्याबाहेरच्या माणसाला कमी महत्त्वाचं वाटेल, पण आमच्याकडे आकडा ठरतो तो इथेच. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं ही समजूत पक्की आहे. त्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, आणि त्याचा हवेशी संयोग होऊन वर एक अदृश्य थर बसतो. तो थर लोखंडाला राखतो. मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं. उघड्या पृष्ठभागावर तो पुन्हा भरून येतो, पण सांध्याच्या फटीत, जिथे खारट ओल अडकून राहते आणि हवा पोचत नाही, तिथे भरून येत नाही. म्हणून पातं चकचकीत दिसतं आणि सांधा आतून बसतो. धार टिकावी म्हणून पात्याच्या पोलादात कार्बन जास्त ठेवतात, त्यामुळे ते भांड्यांच्या स्टीलपेक्षा गंजाला लवकर बळी पडतं. कच्च्या आंब्याचा चीक पात्यावर तसाच राहिला तर तोही डाग पाडतो.

निगा सोपी ठेवली. गोड्या पाण्यात उघडमिट करत धुवायचं, चुलीच्या उबेला किंवा उन्हात पूर्ण वाळवायचं, प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. भाऊ आधी खोबरेल घालत. ते हाताशी असतं खरं, पण काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरतं. चामड्याची म्यानं काढून टाकली, कारण चामडं ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवतं. वादळाचा डबा रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या.

उरलेल्यांचं काय झालं

पार बसलेली भंगारात गेली. एक भाच्याला दिलं, तो वायरमन आहे. त्यालाही चालू लाइनला लावायचं नाही हे बजावून. एक हर्णैच्या ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य खलाशाला दिलं आणि पावसाळी मासेमारीची बंदी उठून होड्या गेल्या तशी काही आठवड्यांत त्याने ते परत आणलं. म्हणाला, "भाऊ, होडीवर याच्यात खवलं आणि मीठ जाऊन बसतं. आमची सरळ सुरीच बरी, पाण्यात बुडवली की साफ." ज्याच्या हाताला रोज समुद्राचं पाणी, त्याच्यासाठी मिटणाऱ्या हत्याराची योग्य संख्या शून्यही असू शकते. हे परत आलेलं धरून दोन चांगली भाऊंनी विकली.

पुढे काय झालं

पुढच्या पावसाळ्यात एक माड पाइपावर आडवा आला. भाऊंनी पट्ट्याची पकड काढली आणि जागेवरच जॉइंट बसवला. आगोटीला अदलाबदल झाली. डब्यातलं स्वच्छ निघालं, पट्ट्याच्या कात्रीच्या स्प्रिंगवर गंजाचा ठिपका होता, तो वेळेत दिसला. अदलाबदल नसती तर कात्री तुटल्यावरच कळलं असतं.

मध्येच किल्ल्यांचं लहानगं आगरात पडलं. भाऊंनी शोधलं, सापडलं नाही, आणि त्याच बनावटीचं नवं आणलं. लहानग्याचंही एक जादा ठेवावं का, असा प्रश्न तेव्हा निघाला. आम्ही नाही ठरवलं: लहानग्यावाचून आठवडाभर कुणाचं अडत नाही, वादळानंतर पकडीवाचून अडतं. काही महिन्यांनी पोफळीखालचा पाचोळा ओढताना गड्याला ते हरवलेलं सापडलं. ते वहिनींनी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं आणि आता तिथून हलू देत नाहीत. म्हणजे आज घरात चार आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

चौथं असं योगायोगाने यायला नको होतं. वहीत कात्रीच्या कितीतरी नोंदी स्वयंपाकघरातल्या होत्या, तरी जागा मोजताना आम्ही आगर, कातळ, स्कूटर आणि वादळाचा डबा मोजले. चूल मोजली नाही. वही भाऊंच्या हातांची होती आणि वहिनींचे हात तिच्यात सांगोवांगी आले. घरातल्या प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवली असती तर हा आकडा दिवाळीतच चार निघाला असता.

दुसरं, नोंद नारळी पौर्णिमा ते दिवाळी एवढीच होती. आंब्याचे महिने, मार्च ते मे, तिच्यात नाहीत. तेव्हा भाऊ दिवसचे दिवस कलमांत असतात, पेट्या भरल्या जातात, खिळे, पट्ट्या, दोऱ्या यांची कामं वेगळी असतात. पट्ट्याचं मल्टीटूल तिथे पुरतं की पेटी भरायच्या मांडवात एक साधी हातोडी आणि पकड ठेवावी लागते, हे भाऊ येत्या हंगामात त्याच वहीत लिहिणार आहेत. या वेळी गड्यांच्या आणि वहिनींच्या नावाचे रकाने आधीच आखले आहेत.